माळवदावर चला

हिप्पळवाडीत पाव्हणा आला की पहिल्याच दिवशी त्याला दोन गोष्टी सांगतात. एक, नळाला पाणी दिवसाआड येतं. दुसरी, लिंबाला टांगलेला रूळ वाजला की हातातलं टाकून पटांगणात पळायचं, कारण विचारायचं नाही.

रूळ म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. भूकंपानंतर मदतीला आलेल्या कुणीतरी शाळेच्या घंटेसाठी आणला होता. थोड्याच दिवसांत शाळेला पितळी घंटा मिळाली आणि रूळ केवळाबाईनं मागून घेतला. त्याला बत्तीस वर्षं झाली. रूळ तिचा, त्याच्यावर मारायचा पहारीचा तुकडाही तिचा.

कारण निलंग्याकडच्या या भागात भुई घुमते. वर्षातून चार-पाच वेळा जमिनीच्या पोटातून आवाज येतो, लांब कुणीतरी मोठं जातं ओढावं तसा. मांडणीवरची भांडी किणकिणतात. साहेब लोक येतात, यंत्र लावतात, घाबरू नका म्हणून सांगून जातात. गाव घाबरत नाही, पण बाहेर येतं. केवळाबाई रूळ वाजवते, चौसष्ट घरांची माणसं ओढ्याकडच्या पटांगणात येऊन बसतात, ती घरागणिक मोजते. आवाज थांबून पाव तास झाला की म्हणते, "जावा आता." मग सगळे जातात.

पोरं हसतात, पण येतात. एकदा तर लग्नाची अर्धी पंगत उठून आली होती, हातात जिलबी घेऊन. नवरदेवाला बी सोडलं नव्हतं तिनं.

केवळाबाई पंचावन्नची. अंगानं वाळकी, आवाज मात्र खणखणीत. भूकंपाच्या साली ती तेवीस वर्षांची होती. जुन्या गावात तिचं माळवदाचं घर होतं, वर दोन हात जाड मातीचं छत. गणपती बुडवून माणसं झोपली आणि पहाटे ते छत खाली आलं. नवरा, सासू, सासरा, सहा महिन्यांची लेक. ती दाराजवळ होती म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. एवढंच ती सांगते, ते बी कुणी लईच खोदून विचारलं तर.

नव्या गावात तिला पहिल्याच ओळीत, पटांगणाच्या काठावर जागा मिळाली. मागं घरकुलाच्या यादीत नाव आलं, पक्कं घर झालं, वर स्लॅब पडला. त्या घरात आता कडबा, गोवऱ्या आणि अकरा कोंबड्या राहतात. बाई शेजारच्या पत्र्याच्या खोपीत. बँकेत गेली तरी दारातनंच फॉर्म आत पाठवणार. लग्न मंगल कार्यालयात असलं तर बाहेर चपलांपाशी बसून अक्षता टाकणार.

गाव अजून सिमेंटच्या स्लॅबला बी माळवदच म्हणतं. केवळाबाईच्या तोंडून मात्र तो शब्द बत्तीस वर्षांत कुणी ऐकला नव्हता. ती नुसतं 'वरचं' म्हणायची. "त्या वरच्याखाली मला बोलवू नगं, बाबा."

यंदाच्या सप्टेंबरात नऊ दिवस पाऊस उघडला नाही. सोयाबीन उभ्या जागी कुजायला लागलं. तीन दिवसांपासून लाईट नव्हती, त्यामुळं मोबाईल मेलेले. रस्त्यावरचा पूल पाण्याखाली. कुठून काय निरोप येणार?

त्या पुलामुळंच दस्तगीर मिस्त्री गावात अडकला होता. निलंग्याचा सेंट्रिंगवाला, चाळिशीचा, बोलका माणूस. शाळेच्या पाण्याच्या टाकीला लोखंडी शिडी बसवायला आला आणि शिडी तशीच केवळाबाईच्या भिंतीशी पडून राहिली. पाणी सोडणारा दयानंद त्याचा दोस्त, पण दयानंदच्या घरात माणसं जास्त. म्हणून मिस्त्री झोपायला शाळेत आणि जेवायला रोज एका घरी. त्या दिवशी पाळी केवळाबाईची होती. सकाळचे अकरा वाजले असतील.

"अक्का, आत बसून खाऊ की," दस्तगीर ताट सरकवत म्हणाला. "हितं पत्रा गळायलाय. पिठल्यात पानी पडून राहिलंय."

"तू बस आत. कोंबड्या हायेत सोबतीला."

"तुमचा स्लॅब मी टाकलेला हाय. सळई बघितली व्हती का किती घातली? हत्ती नाचवा वर."

"हत्ती कुठं बघून ठेवलाय का?"

"चेष्टा नक्को करू अक्का. माझी ग्यारंटी हाय त्याला."

"माझ्या सासऱ्यानं बी घेतली व्हती," केवळाबाई म्हणाली. "पिठलं घे अजून."

दस्तगीरनं ताट जवळ ओढलं. खाली मान घालून भाकरी मोडायला लागला. त्याला वाईट वाटलं हे तिला कळलं. ती काहीतरी बरं बोलणार होती, तेवढ्यात आवाज आला.

धडाम असा नाही. जाडजूड, लांबलेला. पत्रा थरथरला, मांडणीवरचा पितळी तांब्या वाजला.

केवळाबाई विचार करत बसली नाही. बत्तीस वर्षांत कधीच बसली नव्हती. हात धुतले नाहीत, पहारीचा तुकडा उचलला आणि भर पावसात लिंबाखाली जाऊन ठोके घालायला लागली. ठण, ठण, ठण, ठण.

आणि काय सांगावं, गाव आलं. नऊ दिवसांचा पाऊस, गुडघ्याएवढा चिखल, तरी आलं. युरियाच्या पोत्याच्या खोळी डोक्यावर घेऊन, लेकरं काखेला मारून, म्हाताऱ्यांना धरून. पाच मिनिटांत पटांगण भरलं. ऐंशी वर्षांची गुरम्मा कानडी मुलखातनं नांदायला आलेली, ती काठी टेकत आली आणि येता येता म्हणाली, "केवळे, भुईला बी सुट्टी न्हाई का ग पावसाची?"

माणसं हसली. खाली पोती टाकून बसली. केवळाबाईनं मोजायला सुरुवात केली. साहेबराव गुरुजींची पाच. गुरम्माची चार. दयानंदची नऊ.

दयानंदच्या नऊवर ती थांबली.

आवाज थांबला नव्हता.

भुईची घुम आली की आली, गेली की गेली. तंबाखू मळून होईस्तवर संपते. आणि ती खालनं येते. आधी टाचेला कळते, मग कानाला. केवळाबाईला ते चपलेतनं बी कळायचं. आज टाचेला काहीच नव्हतं. तिनं चप्पल काढली, अनवाणी पाय चिखलात घट्ट रोवला. पाय गप होता. कान भरत चालला होता. आवाज खालनं नव्हे, आडवा येत होता. वरच्या अंगानं. ओढ्याच्या वरच्या तोंडाला असलेल्या पाझर तलावाकडनं.

हातातली चप्पल तिनं टाकून दिली.

नऊ दिवसांचं पाणी त्या तलावात होतं. बांध फुटला होता. आणि तिनं सगळ्या गावाला घरातनं काढून ओढ्याच्या काठावर, गावातल्या सगळ्यात खोल जागी आणून बसवलं होतं. स्वतःच्या हातानं. ठोके घालून.

"उठा," ती म्हणाली. "उठा सगळे. वर चला."

कुणी उठलं नाही.

"वर चला म्हनते न्हव का. पानी येतंय. तलाव फुटला."

"वर म्हंजी कुठं?" गुरम्मानं विचारलं. "वरच्या रानात?"

चार-पाच जण खरंच रानाकडं वळले. दहा पावलांत मांडीएवढ्या काळ्या चिखलात रुतले. एकाची चप्पल आत राहिली, ती काढायला तो वाकला.

"रानात न्हाई. वर. वर."

साहेबराव गुरुजी उभे राहिले. रिटायर झालेले, नियमाचे पक्के. त्यांचा बी काही दोष नव्हता. "केवळाबाई, आवाज चालू हाय अजून. आवाज थांबल्याबिगर घराकडं जायचं न्हाई, हे तुम्हीच शिकवलं आमाला. माझ्या पोरांना शिकवलं, आता नातवाला बी शिकवलं."

तिनं पळत जाऊन रूळ वाजवला. ते आणखीनच वाईट झालं. उभे राहिलेले होते ते बी खाली बसले. रूळ वाजला म्हणजे बसायचं. इतकं पक्कं शिकवलं होतं तिनं.

एक शब्द होता. तो म्हटला असता तर लहान लेकराला बी कळलं असतं कुठं जायचं ते. तिनं तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली. पहाटेची ती माती परत तोंडात आल्यासारखी.

मग तिनं तोंड मिटलं आणि चालायला लागली. पळाली नाही. सगळ्यांच्या मधून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तीस पावलांवर असलेल्या स्वतःच्या घराकडं.

"मिस्त्री," ती म्हणाली, "तुझी शिडी आण."

दस्तगीर पळत आला. शाळेच्या टाकीसाठी आणलेली बारा फुटी लोखंडी शिडी तिच्याच भिंतीला पडून होती. त्यानं ती उचलून स्लॅबला लावली आणि खाली पाय देऊन धरली.

केवळाबाई चढली. एक पायरी, दोन, पाच. शेवटच्या पायरीवर डोकं स्लॅबच्या वर आलं आणि ती थांबली. समोर राखाडी, ओलं, सपाट सिमेंट. त्याच्या बुडाला काय असतं ते तिला माहीत होतं. तिनं दोन्ही हातांनी पायरी घट्ट आवळली.

खालनं दस्तगीरचा आवाज आला, अगदी हळू. "माझा हात हाय अक्का त्याला. तुम्ही फकस्त पाय टाका."

तिनं पाय टाकला. मग दुसरा. स्लॅब हलला नाही.

ती उभी राहिली तेव्हा पटांगणात अडीचशे माणसं तोंड वर करून बघत होती.  जी बाई बँकेच्या दाराच्या आत जात नाही, ती स्लॅबवर उभी होती.

आणि वरनं तिला ते दिसलं. ओढ्याच्या वळणावर म्हसोबाची बाभळ, तलावाच्या बांधावरची, लाल फडक्यासकट उभीच्या उभी पुढं सरकत होती. तिच्या मागं रानाच्या रंगाचं काहीतरी उंच होतं.

"माळवदावर चला," केवळाबाई ओरडली. "माळवदावर चला रे माझ्या बापांनो. ज्याला जे दिसंल त्या माळवदावर."

तो शब्द तिच्या तोंडून ऐकला आणि गाव उठलं.

आता इथून पुढचं जे झालं ते गावात प्रत्येकजण वेगळं सांगतो, कारण प्रत्येकाला आपापलीच भिंत दिसत होती. पण एक गोष्ट सगळे सारखी सांगतात, की धक्काबुक्की झाली नाही. कुणी कुणाला तुडवलं नाही. बत्तीस वर्षं एका हाकेला घराबाहेर यायची सवय होती, तीच सवय उलटी वापरली. प्रत्येक घराला आपली माणसं किती ते पाठ होतं, शेजाऱ्याची बी.

नव्या गावात जिना एकाही घराला नाही. शिड्या होत्या निम्म्या घरांना. बाकीच्यांनी काय केलं? तिथं बायका कामाला आल्या. उन्हाळ्यात कुरडया-पापडांचं वाळवण माळवदावर टाकायचं, आभाळ आलं की धावत जाऊन काढायचं. खिडकीच्या कोणत्या गजावर पाय ठेवायचा, कोणत्या खुंटीला धरायचं, कुठली कड मोडकी, हे पुरुषांना माहीत नव्हतं, बायकांना डोळे मिटून माहीत होतं. त्या आधी चढल्या. वरनं लुगड्याचे पदर सोडले. लेकरं हातोहात वर गेली, वाळवणाच्या सुपासारखी. म्हातारी माणसं मधे उभ्या असलेल्यांनी उचलून वर दिली.

दयानंदनं गुरम्माला पाठीवर घेतलं. ती काठी सोडेना.

"टाक की ती काठी, आजे. माझ्या कानात घुसायली."

"काठी टाकली तर तुला हाकू कशानं?"

तिला केवळाबाईच्या हातात वर देऊन तो परत खाली वळला. केवळाबाईनं त्याची कॉलर धरली, ती सुटली. "गुरं बांधलेली हायेत," एवढं बोलून तो खालच्या आळीकडं पळाला, कमरेचा विळा हातात घेऊन.

दस्तगीर शिडी सोडायला तयार नव्हता. पंचवीस-तीस माणसं त्या एका शिडीवरनं चढली. तो बुडाला खांदा देऊन उभा, तोंडानं सारखा एकच, "चला, चला, हत्ती बी चढवीन मी." पाणी त्याच्या गुडघ्याला आलं तेव्हा कुठं तो शिडीवर आला, आणि साहेबराव गुरुजींनी वरनं वाकून त्याच्या शर्टाला धरून त्याला ओढलं. गुरुजींचा चष्मा खाली पडला तो गेलाच.

मग मोठं पाणी आलं.

पटांगण एका दमात बुडालं. जिथं मघाशी पोती टाकून माणसं बसली होती तिथनं पुरुषभर पाणी वाहायला लागलं, कडबा, पत्रे, बाभळी घेऊन. केवळाबाईची खोप काडेपेटीसारखी मोडली. मांडणी, तांब्या, अर्धी राहिलेली पिठल्याची कढई. पहिल्या ओळीच्या घरांत खिडकीपर्यंत पाणी भरलं, वरच्या ओळींत उंबऱ्यापर्यंत. घरं उभी राहिली. स्लॅब उभे राहिले.

आणि पाण्याच्या आवाजात एक आवाज वेगळा ऐकू यायला लागला. ठण. मग जरा वेळानं, ठण, ठण. लिंब उभा होता, रूळ पाण्यात होता, वाहत येणारी लाकडं त्याच्यावर आपटत होती. कुणी न वाजवता वाजत होता.

केवळाबाई कानावर हात ठेवून बसली थोडा वेळ. मग उठली. मोजणी राहिली होती.

"गुरुजींची किती?"

"पाच हाय."

"गुरम्माची?"

"चार, आनि काठी."

एका माळवदावरनं दुसऱ्या माळवदावर आकडा ओरडत गेला. मागच्या ओळीपर्यंत गेला आणि तिकडनं परत आला. पहिल्या आळीची पूर्ण. शाळेकडची पूर्ण. दयानंदच्या घरच्यांनी आठ म्हणून सांगितलं, आणि दयानंदची बायको शिल्पा खाली बसली.

बाकीच्यांनी आपापल्या माळवदावर परत मोजून बघितलं. 

केवळाबाईला वाटलं, तो मीच घालवला. रूळ वाजवला नसता तर तो घरात असता, वेळेवर गुरं सोडली असती. तिनं दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि परत विचारलं, बत्तीस वर्षं विचारत होती तसंच, "दयानंदची किती?"

खालनं एक बाभळ वाहत गेली.

"दयानंदची किती?"

लांबून, शाळेच्या पाण्याच्या टाकीवरनं, बसका आवाज आला. "नऊ हाय, मावशे. लिहून घे. गुरं बी सुटली, वरच्या रानात हायेत. पायपाला धरून चढलो, पन ह्या टाकीला शिडी न्हाई, मला उतरवा कुनीतरी."

"शिडी हितं अडकलीय माझी," दस्तगीर ओरडला. "बस निवांत. उद्या बसवून देतो."

शिल्पा रडता रडता हसली आणि मग सगळंच गाव हसलं, थंडीनं दात वाजत असताना.

दुपार कलता पाणी उतरलं. माणूस एक गेलं नाही. सोयाबीन गेलं, धान्य भिजलं, नऊ शेळ्या वाहून गेल्या, आणि केवळाबाईच्या अकरातल्या चार कोंबड्या कडब्याच्या गंजीवर चढून वाचल्या.

दुसऱ्या दिवशी उघडीप झाली तशी ती पहारीचा तुकडा पदराला पुसून साहेबराव गुरुजींच्या दारात गेली. बाहेरच उभी राहिली. पंधरा-वीस जण चिखल काढत होते तिथं.

"हे घ्या गुरुजी. दुसऱ्या कुनाला द्या."

"काऊन?"

"काऊन म्हंजी? मी मारायला नेलं व्हतं तुमाला. न बघता वाजवला. आवाज वळखायच्या आधी हात चालला माझा."

गुरुजी चष्म्याबिगर तिच्याकडं बघत राहिले.  गुरम्मा ओट्यावर ऊन खात बसली होती, ती बोलली.

"केवळे, ह्या गावात भुईचा आवाज कुनाला कळतो?"

"मला."

"आनि पान्याचा?"

केवळाबाईनं तुकडा या हातातनं त्या हातात घेतला.

"काल सकाळपतूर कुनालाच कळत नव्हता. आता एकट्या तुलाच कळतो. मग ते लोखंड काय ह्या आंधळ्या मास्तराला द्यायचं का?"

गुरुजी बी हसले. तुकडा कुणी घेतलाच नाही. दयानंदनं तिच्या हातातून ती जड वस्तू घेतली, जरा तोलून बघितली आणि परत तिच्याच हातात दिली.

मग ओट्यावरच ठरलं. एक-एक ठोका म्हणजे भुई, पटांगणात पळायचं. दोन-दोन ठोके म्हणजे पाणी, माळवदावर. आणि केवळाबाईनं एक अट घातली. आधी चप्पल काढून पाय जमिनीवर ठेवीन, दहापर्यंत मोजीन, मग वाजवीन. त्या दहात कुणी मला घाई करायची नाही.

चार दिवसांनी गाव जरा सावरलं तेव्हा तालीम घेतली. पाण्यात बुडू नये म्हणून लिंबावरनं रूळ काढून आता शाळेच्या माळवदावर लाकडी चौकटीला टांगला होता. केवळाबाईनं दोन-दोन ठोके घातले. ठण-ठण. ठण-ठण.

अर्धं गाव सवयीनं पटांगणात पळालं. अर्धं शिड्यांकडं. मधे सगळ्यांची गाठ पडली आणि जी गर्दी झाली ती बघण्यासारखी होती. दस्तगीर पूल मोकळा झाला तरी गेला नव्हता, टाकीची शिडी बसवत होता. तो टाकीवरनं ओरडला, "अरे दोन-दोन म्हंजी वर. हिप्पळवाडीच्या शाळेत गिनती शिकवत न्हाईत का?"

दुसऱ्यांदा थोडं बरं झालं. तिसऱ्या वेळी पटांगणात एक कुत्रं तेवढं उरलं, आणि सगळ्यात आधी वर पोचलेली गुरम्मा काठी आपटून म्हणाली, "आता जेवाया घाला, मी खाली उतरत नसते."

तालीम संपल्यावर दस्तगीर हात पुसत केवळाबाईच्या घरापाशी आला. खोपीच्या जागी नुसता गाळ होता. दार उघडं होतं, आत भिंतीवर पाण्याची रेघ. कडबा बाहेर वाळत टाकलेला.

"अक्का, आता तरी आत ऱ्हाताल का? खोप तर गेली."

"आत न्हाई."

"मग?"

तिनं वर बोट केलं. स्लॅबच्या चार कोपऱ्यांत चार बांबू उभे केले होते, दगड लावून. वर निळी ताडपत्री ताणलेली. तिच्याखाली घोंगडं, मडकं आणि चार कोंबड्या.

दस्तगीरनं मान मागं टाकून चारी बांबू मोजले.

"माळवदावर ऱ्हाते," केवळाबाई म्हणाली. शब्द आता तिला जड जात नव्हता, पण सोपा बी झाला नव्हता, जरा थांबून आला. "तुझी ग्यारंटी वरनं तपासून बघते. टिकली तर पुढच्या साली खाली उतरायचं बघू."

"हत्ती नाचवा म्हनलो व्हतो मी."

"हत्ती न्हाई सापडला. कोंबड्या नाचायल्यात." तिनं भिंतीला लावलेल्या बांबूच्या शिडीला हात लावला. "धर जरा, चढू दे मला."